आधी आपला पाठ, मग मुलांस निरूपण

एका घरगुती वाटणाऱ्या, परंतु परमार्गाच्या दृष्टीने मोलाच्या विषयाचे निरूपण मांडीत आहे. विषय असा की, आपण स्वतः जो शास्त्रपाठ करतो, त्याचा आणि आपल्या घरातील लहान मुलांचा संबंध काय?

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या तालुक्यांत वासनिकांची घरे आहेत. सकाळी पूजावसर, सायंकाळी आरती, ओठांवर पंचकृष्णांचे नाम, असा क्रम या घरांत मुलांच्या डोळ्यांपुढे असतो. देवघरात फडक्यात बांधलेली पोथीही असते. त्या फडक्याला मूल रोज दंडवत घालते. परंतु कित्येक घरी ते फडके महंत येतील तेव्हाच सुटते. अशा घरी पोथीची पूजा होते, पाठ मात्र राहून जातो. मुलाच्या मनात मग एवढेच ठसते की पोथी ही नमस्कार करण्याची वस्तू आहे. तिच्यात कोणी बोलत आहे, हे त्याला कळतच नाही.

येथे कोणी म्हणेल, "मुलांना शिकविण्यासाठी आश्रम आहेत, मठ आहेत, ते काम अधिकारी पुरुषांचे." हे म्हणणे अर्धे खरे आहे. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक या चार साधनांत वासनिकालाही जागा दिलेली आहे, हे विसरू नये. आश्रमात मूल वर्षातून चार दिवस राहते. उरलेले सगळे दिवस ते आपल्या ओसरीवर असते. ओसरीवर जे ऐकू येत नाही, ते चार दिवसांत कितीसे रुजणार?

आपल्या परंपरेने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. केशोबास हे संस्कृताचे मोठे पंडित. त्यांचा ओढा संस्कृत रचनेकडे होता. आचार्य नागदेवांनी त्यांना आवरले. त्यांची चिंता विद्वानांविषयी नव्हती, म्हाताऱ्यांविषयी होती. संस्कृतात सांगितले तर त्या बिचाऱ्या वंचित होतील, असे त्यांचे म्हणणे. स्मृतिस्थळातील हा प्रसंग आपण मराठीच्या अभिमानाने सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या आत आणखी एक अर्थ आहे. घरातील म्हातारीच्या मांडीवर कोण बसते? तिचे नातवंड बसते. जे म्हातारीला कळले तेच नातवंडाच्या कानी जाते. म्हाताऱ्यांसाठी राखलेली वाट ही आपोआप बाळांसाठीही राखली गेली.

दुसरा दाखला लीळाचरित्राचा. शके १२०० च्या सुमारास म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले त्यांच्याकडून लीळा मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. पुढे परचक्राच्या धाडीत मूळ पोथी गेली. तेव्हा ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्या मुखातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसांचे नाव त्यात आदराने घेतले जाते. कागद गेला तरी ग्रंथ गेला नाही, कारण तो कंठात होता. आज छापलेल्या प्रती भरपूर आहेत. कंठ मात्र किती आहेत, याचा प्रत्येक घराने आपापल्यापुरता विचार करावा.

आता सांगावे कसे? पद्धती शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. केशोबासांनी दृष्टांतपाठाची मांडणी तीन अंगांनी केली: आधी सूत्र, मग दृष्टांत आणि शेवटी दार्ष्टान्तिक. अभ्यासकाला हा क्रम योग्य. लहान मुलासाठी मात्र मधले अंग आधी घ्यावे. गोष्ट पुढे, सूत्र मागे. आणि दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीचा आपल्याशी संबंध, तो शक्यतो मुलालाच सांगू द्यावा. आपण घाईने तात्पर्य सांगितले की मुलाचे मन तेथेच मिटते.

सशाची लीळा घ्या. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन स्वामींच्या गुडघ्याखाली दडला. पारधी मागू लागले; स्वामींनी शरण आलेल्या जीवाला दिले नाही, पारध्यांना हिंसेपासून वळविले आणि मग सशाला मोकळे केले. पाच वर्षांच्या मुलाला ही लीळा पुरती कळते. त्याला सशाचे धडधडणारे काळीज आधी कळते आणि अहिंसा हा शब्द नंतर येतो. पण याच ठिकाणी सांगणाऱ्याची परीक्षा आहे. सकाळी ही लीळा सांगणाऱ्या बापाने दुपारी औताच्या बैलावर तुतारी टोचली, तर मुलाने कोणते निरूपण खरे मानावे? स्वामींनी स्त्रीशूद्रादि सर्वांस जवळ केले असे सांगणाऱ्या घरात मजुराचा पेला वेगळा ठेवला असेल, तर मुलाचे डोळे पेल्यावर जातात. म्हणून म्हटले, आधी आपला पाठ. पाठ म्हणजे केवळ पठण नव्हे. वाचलेले आपल्या दिवसात उतरले की नाही, हे रात्री निजण्यापूर्वी पाहणे, हाही पाठच.

मुले प्रश्न विचारतील. विचारू द्यावेत. महदाइसा सतत पुसत असे, आणि जिज्ञासू, चर्चक म्हणून तिचा गौरवच झाला. आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टांत सांगितल्यावर एखादे मूल विचारते, "त्या आंधळ्यांनी एकमेकांना का नाही विचारले?" आपण सोंड, पाय, कान यांचा अर्थ लावण्यात गढलेले असतो आणि मूल नेमके मर्मावर बोट ठेवते. प्रत्येक जण हाती लागलेल्या अवयवाला हत्ती म्हणत बसला, हा दोष आहेच. परंतु दुसऱ्याला पुसावे असे कोणालाच वाटले नाही, हा त्याहून मोठा दोष. म्हाइंभटांनी नेमके उलट केले. एकाचीच आठवण प्रमाण धरून ते थांबले नाहीत. दारोदारी पुसत गेले. असा प्रश्न आला म्हणजे मुलाने आपल्यालाच पाठ दिला असे समजावे. उत्तर ठाऊक नसेल तर "पाहून सांगतो" म्हणावे आणि खरोखर पोथी उघडावी. वडील पोथी उघडून शोधीत आहेत, हे दृश्य दहा उपदेशांहून मोलाचे आहे.

कित्येक माता म्हणतात, "ती जुनी मराठी आम्हालाच कळत नाही." अडचण खरी आहे, पण वाटते तेवढी मोठी नाही. लीळाचरित्रातले 'पुसणे' आपल्या खेड्यांत अद्याप बोलले जाते. 'बीढार' म्हणजे आपले बिऱ्हाड. 'बिजे करणे' हे स्वामींच्या येण्याजाण्यासाठी राखलेले क्रियापद आहे, एवढे सांगितले तरी मुलाला त्यातला आदर कळतो. लीळा एकदा मूळ शब्दांत मोठ्याने वाचावी, मग घरच्या बोलीत सांगावी आणि पुन्हा एकदा मूळ वाचावी. दुसऱ्या वेळी ते शब्द परके राहत नाहीत.

ही ओढ इतर धर्मांतील थोरांनाही होती. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून अवघे बायबल सोप्या मराठीत आणले, ते अल्पशिक्षित स्त्रियांना कळावे म्हणून. केडगावच्या मुक्तिसदनात हे काम अनेक वर्षे चालले आणि १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते पुरे केले. मार्ग वेगळा, श्रद्धा वेगळी. परंतु शास्त्र घरातल्या बाईच्या जिभेवर यावे, ही तळमळ आपल्याला परकी वाटू नये. जे आचार्यांनी आपल्याला सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले, त्यासाठी दुसऱ्यांना एवढे कष्ट करावे लागले, हे पाहून आपला आळस झडावा.

आणखी एक शंका अधिकाराची. सकळा, सुंदरी आदी लिप्यांत ज्यांनी ग्रंथ राखले, त्यांनी ते मुलांपुढे मांडावेत काय? समाधान असे: ब्रह्मविद्येचे शास्त्र अधिकारी पुरुषाच्या मुखातूनच ऐकावे, त्या मर्यादेत कोणी हात घालू नये. लीळाश्रवण मात्र घरातले आहे. आणि एक पथ्य अवश्य पाळावे. "देव शिक्षा करील" असे भय घालण्यासाठी लीळा वापरू नये, आणि पाहुण्यांपुढे पाठांतराचे प्रदर्शन मांडू नये. भयाने व मिरवण्याने पाठ झालेले, भय आणि कौतुक सरले की विसरते.

वेळ नाही, ही तक्रार उरते. वसमत भागात हळद शिजविण्याचे दिवस आले की घरातल्या कोणाला क्षणाची उसंत नसते. पण पुष्कळ लीळा घटकाभरातही संपणाऱ्या आहेत. सांजेच्या आरतीनंतर एकच लीळा, तीही रोज न जमल्यास एक दिवसाआड. नेम लहान असावा, पण मोडू नये. मुले-सुना कामासाठी पुण्या-मुंबईकडे गेल्या असतील, तर आजीने दूरध्वनीवरून नातवाला लीळा सांगावी. आचार्यांच्या म्हाताऱ्यांचे काम आज असेही होऊ शकते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. श्रीगोविंदप्रभूंच्या रिद्धपुरी मराठी भाषेचे विद्यापीठही उभे राहिले. आनंदाची गोष्ट आहे. तथापि विद्यापीठ ग्रंथांचा अभ्यास करील, शब्दांचे अर्थ लावील. नातवाला मांडीवर घेऊन सशाची लीळा सांगणे हे काम कोणत्याही विद्यापीठाकडे सोपविता येत नाही. ते ज्या घरी थांबले, त्या घरापुरती ती परंपरा एका पिढीत संपते. मग देवघरात पोथी कितीही नीट बांधून ठेवलेली असो.

म्हणून, सद्भक्तहो, आज सांजेला फडके सोडावे. आधी आपण वाचावे, आपल्याला झोंबेल इतके वाचावे. मग शेजारी बसलेल्या बाळाला त्यातले घासभर द्यावे. परमेश्वर आपणा सर्वांस तशी बुद्धी देवो, ही प्रार्थना करून लेखणी थांबवितो.

दंडवत प्रणाम.