गुत्त्यातील टिपणवही

मद्यपानाविषयी आमच्याकडे जे लिहिले गेले ते बहुधा दोन प्रकारचे आहे : एक व्यसनाचे दुष्परिणाम दाखवून वाचकास परावृत्त करणारे, दुसरे दारुड्याची टर उडवून घटकाभर करमणूक करणारे. गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त हे दोन्ही प्रकार एकाच नाटकात कळसास नेले. परंतु गुत्त्यात जाऊन बसावे, तेथे कोण येते, किती वेळ बसते, काय बोलते हे निर्विकारपणे टिपून ठेवावे, असे आमच्यापैकी फारसे कोणाच्या मनात आले नाही. इंग्लंडात ते आले, आणि त्यातून जो नीतीचा प्रश्न उभा राहतो त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

टॉम हॅरिसन, चार्ल्स मॅज व हंफ्री जेनिंग्ज ह्या तिघांनी १९३७ साली 'मास ऑब्झर्व्हेशन' ही संस्था काढली. हॅरिसन त्यापूर्वी न्यू हेब्रिडीज बेटांतील लोकांत राहून आले होते. दूरच्या बेटावरील आचारविधी जर शास्त्राचा विषय होतात, तर लँकेशायरमधील गिरणीकामगाराचे का होऊ नयेत, असा त्यांचा रोख होता. बोल्टन ह्या कापडगिरण्यांच्या गावाला 'वर्कटाउन' असे नाव देऊन त्यांचे निरीक्षक तेथील पबांतून हिंडू लागले. ह्या श्रमाचे फळ म्हणजे १९४३ साली प्रसिद्ध झालेला 'द पब अँड द पीपल' हा ग्रंथ.

ग्रंथ वाचनीय आहे खरा. एकाच पबात किती जगे नांदतात पाहा. 'व्हॉल्ट' नावाच्या खोलीत पुरुषांनीच जावयाचे, उभ्यानेच प्यावयाचे, जमिनीवर भुसा आणि थुंकदाण्या. 'लाउंज'मध्ये खुर्च्या, पियानो आणि बायकामाणसे. तेथे त्याच बियरला पेनीभर अधिक दाम. एकत्र बसलेल्यांचे पेले साधारण एकाच वेळी रिकामे होतात, कारण आळीपाळीने सर्वांसाठी मागवावयाचे असते. मागे राहणे वा पुढे जाणे दोन्ही अशिष्ट. आमच्या पंक्तीत यजमान एकच असतो. येथे ज्याला त्याला पाळीने यजमान व्हावे लागते. मद्यपाननिषेधकास हे दिसत नाही, कारण तो पेल्यापलीकडे पाहत नाही. आम्ही स्वतः मद्याला स्पर्श न करणारे आहोत, तरी एवढे कबूल केले पाहिजे की, माणसाला आधी पाहून मग त्याचा न्याय करावा हा धडा ह्या टिपणांनी दिला.

पण ह्या लोकांस कोणी विचारले होते? निरीक्षक गिऱ्हाईक म्हणून बसत, घड्याळ पाहून घोट मोजीत, शेजारच्या मेजावरचे संभाषण टिपून घेत. हंफ्री स्पेंडर हे कोटाआड कॅमेरा लपवून छायाचित्रे घेत. सांगितले तर माणसे सावध होतील आणि सत्य हाती लागणार नाही, हे ह्यावरचे ठराविक उत्तर. ते आम्हांस पटत नाही. बेटावर हॅरिसन ह्यांना लपता येणे शक्यच नव्हते. त्यांचा वर्णच त्यांचा परका असल्याचा डांगोरा पिटीत होता. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे तेथील रहिवाशास ठाऊक होते, आणि नको असल्यास तो पाठ फिरवू शकत होता. बोल्टनच्या कामगारास तेवढीही सोय राहिली नाही. म्हणजे स्वदेशबांधवापेक्षा परदेशस्थास अधिक सौजन्य लाभले! दिवसभर मुकादमाच्या नजरेखाली राबलेला मनुष्य संध्याकाळी जेथे नजर चुकवून येतो, तेथेच ही दुसरी नजर बसलेली.

ह्याच्या उलट टोकाचे उदाहरण आमच्याच राज्यात आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यास परवाना घ्यावयास लावले. तेथे लपवाछपवी नाही. नाव, वय सारे उघड लिहिले जाते. मात्र त्या नोंदीत बसण्याउठण्याचा, बोलण्याचालण्याचा मागमूस नसतो. संमती आहे पण ज्ञान नाही, असा हा प्रकार. दोन्ही एकत्र आणता येतील काय? आमच्या मते येतील, पण त्यास काळ लागेल. महिनोन्‌महिने एकाच मेजावर बसावे, आपण लिहितो हे सांगून टाकावे, आणि माणसे सावध राहण्यास कंटाळेपर्यंत वाट पाहावी.

स्पेंडर ह्यांनी पुढे त्या कामातील आपली अस्वस्थता बोलून दाखविली. ती छायाचित्रे आता बोल्टनच्याच संग्रहालयात आहेत, आणि आपला आजा-पणजा त्यांत दिसतो काय हे गावकऱ्यांस तेथे जाऊन पाहता येते.