आधी नंबर वाचू या

लातूरच्या कॉलेजातली लॅब असो की नांदेडच्या एखाद्या बँकेतला संगणक विभाग, डेटाबेसवर काम करणाऱ्याला एरर काही चुकत नाही. ‘ओरा-००००१’ अशी ओळ स्क्रीनवर उमटली की पोटात गोळा येतो. नव्या मुलांचा हात आधी ती खिडकी बंद करायला जातो. मग शेजारच्याला हाक, ‘अरे, हे बघ ना काय झालंय!’ शेजारचाही लगेच उठतो, कारण मदतीला नाही म्हणायची आपल्याकडे रीतच नाही. ती ओळ मात्र दोघांपैकी कुणीच पुरती वाचलेली नसते.

‘ओरा’ म्हणजे ओरॅकल. हा डेटाबेस ज्या लिनक्स मशीनवर बसवलेला असतो, तिथे त्याच्यासोबत ‘ओएर’ (oerr) नावाची एक छोटी कमांड आलेली असते. टर्मिनल उघडायचं, ‘ओएर ओरा १’ टाईप करायचं, एंटर दाबायचं. संदेश मशीनमधल्याच फाईलमध्ये असतात, त्यामुळे उदगीर-देगलूरकडे नेट गेलेलं असलं तरी उत्तर मिळतं. आधी संदेश, खाली त्याचं कारण आणि त्याच्या खाली काय करायचं ते. ओरा-००००१ चं कारण साधं आहे. टेबलात जी नोंद एकदाच यायला हवी, तीच पुन्हा भरली जात होती. समजा, परीक्षेचे फॉर्म भरण्याच्या गर्दीत दोन मुलांना एकच बैठक क्रमांक दिला जात होता आणि डेटाबेसनं तो अडवला. धडकी भरवणाऱ्या त्या ओळीनं पुढचा केवढा घोळ वाचवला! मायएसक्यूएल डेटाबेसवाल्यांकडे अशीच ‘पीएरर’ (perror) कमांड आहे. ‘पीएरर २८’ विचारलं की डिस्कवर जागा उरली नाही, हे ती सांगते. मग क्वेरी पुन्हा पुन्हा तपासत रात्र घालवावी लागत नाही. जागा मोकळी केली की काम पुढे सरकतं.

या उत्तरांतली एक गोष्ट मला फार आवडते. कुणी केलं, हे त्यात कुठेच नसतं. काय झालं आणि आता काय करायचं, एवढंच असतं. आपल्या घरांत मात्र उलटं होतं. लातुरात नळाला रोज पाणी येत नाही. नळ येऊन गेला आणि टाकी भरायची राहिली, की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कुणाच्या लक्षात राहिलं नाही?’ तिथून आवाज चढतात आणि पाणी बाजूलाच राहतं. टाकीत किती उरलंय, पुढचा नळ येईपर्यंत ते कसं पुरवायचं, हे आधी विचारलं तर तीच माणसं बादल्या घेऊन कामाला लागतात. ज्याच्याकडून राहिलं तोही लागतो. बहुधा सगळ्यांत आधी तोच.

काही नंबरांवर कमांडही पुरी पडत नाही. ओरा-००९४२ म्हणजे टेबल किंवा व्ह्यू सापडत नाही. ओरॅकलच्या अनेक आवृत्त्यांत या नंबरापुढे कारण आणि उपाय दोन्ही जागा कोऱ्या आहेत. टेबलाचं नाव चुकलेलं असू शकतं, किंवा टेबल जागेवर असूनही ते पाहायची परवानगी आपल्याला नसते. अशा वेळी जाणत्या माणसाला विचारावंच. पुण्यात, हैदराबादला नोकरी करणारे आपल्या भागातले कितीतरी सीनियर रात्री उशिराही फोन उचलतात. ‘सर, चालतच नाहीये’ एवढंच सांगितलं तर त्यांनाही अंधारात चाचपडावं लागतं. ‘सर, ९४२ आलाय. नाव तपासलं, बरोबर आहे. आता परवानगी बघायची का?’ असं विचारलं की त्यांना लगेच पुढचं सांगता येतं. उत्तर मिळालं की नंबर, तारीख आणि केलेला उपाय वहीत लिहून ठेवा. वही लॅबमध्येच राहू द्या, पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी.