कसरतीचा पोशाख आणि मर्यादा

खेड्यांतून शहरात राहावयास गेलेल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न हल्ली वारंवार येतो, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील पुंडलिकनगर घ्या. गारखेड्याचे विभागीय क्रीडा संकुल तेथून दूर नाही. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की शेजारणीबरोबर नृत्याच्या नाही तर जिम्नॅस्टिक्सच्या वर्गास जाते म्हणते. फीची तजवीज कशीबशी होते. मग शिक्षक सांगतात की अंगासरसा बसणारा पोशाख आणा, आणि घरात वाद सुरू होतो. आजी म्हणते, असले कपडे घालून चार लोकांपुढे कोलांट्या मारावयाच्या? बाप गप्प बसतो. मुलीस कोणीच विचारीत नाही. पण त्याविषयी पुढे बोलू.

आधी कामाचे पाहू. कोलांटी घेताना डोके खाली व पाय वर होतात. त्या क्षणी सैल कुडता तोंडावर येऊन पडतो, मुलीस जमीन दिसत नाही, आणि आधार देणाऱ्या शिक्षकाच्या हाती अंगाऐवजी कापड येते. ओढणी मानेभोवती गुरफटते. पाठीवरचे हूक व बटणे लोळताना मणक्यास रुततात. बांगड्या, पैंजण, गळ्यातील साखळी ह्यांनी आपणांस नाही तर शेजारच्या मुलीस इजा होते. पायमोजे गादीवर घसरतात. गुडघा सरळ आहे की वाकला, हे शिक्षकास दिसलेच पाहिजे, नाही तर वाईट सवय अंगात मुरते. मल्लखांबावर तर कातडीनेच लाकूड धरावयाचे असते, म्हणून मुलगे लंगोट वा जांगिया कसून चढतात. खांबास एरंडेल लावितात तेही घर्षण बेताचे राहावे म्हणूनच. नृत्याची तऱ्हा निराळी. कथकाच्या वर्गात ओढणी चालते, परंतु ती तिरकी घेऊन कमरेस घट्ट बांधितात. भरतनाट्यमच्या सरावास पायजम्यावर आखूड साडी नेसतात, म्हणजे गुडघे बाजूंस किती वळले ते गुरूस कळते. ह्यात शिक्षकाची हौस थोडी असेल, पण बहुतेक भाग मुलीच्या हाडांच्या काळजीचा आहे.

आणि आपल्या देशात ही गोष्ट नवी का आहे? नऊवारी लुगड्याचा कासोटा कशासाठी घालीत? शेतात वाकून राबताना, विहिरीवरून पाणी आणताना पाय मोकळे राहावेत म्हणून. लावणी नाचणारी स्त्रीही तेच लुगडे नेसते. गुडघ्यापर्यंत लुगडे खोचून चिखलात उभ्या राहिलेल्या आजीच्या पोटऱ्यांस गावात कोणी निर्लज्ज म्हटले नाही. नातीच्या पोटऱ्या मात्र खटकतात. पुढे गोल नेसावयाचे पातळ अधिक सभ्य ठरले. ते नेसून कोणी कोलांटी मारून दाखवावी!

मग खटकते ते काय? आमचे मत असे की, आपण जीस मर्यादा म्हणतो तीत पुष्कळदा पायरीचा विचार मिसळलेला असतो. दावीद राजा कोशापुढे एफोद घालून नाचला, ते मीखलेने खिडकीतून पाहिले व मनात त्यास तुच्छ लेखिले. तिचे नंतरचे बोलणे वाचकांच्या परिचयाचे आहे. ते नीट वाचले तर असे दिसते की, राजाने दासींच्या देखत असे वागावे, हे तिला विशेष बोचले होते.

त्रावणकोरात हा पायरीचा विचार राजाज्ञेने चालत असे. तेथील नाडर स्त्रियांनी वरच्या म्हणविणाऱ्या जातींपुढे छाती झाकू नये असा दंडक होता. ख्रिस्ती झालेल्या नाडर स्त्रियांस १८१३ च्या सुमारास कर्नल मन्रो ह्यांच्या हुकुमाने अंगात कुडती घालण्याची परवानगी मिळाली. तरीही त्यांची वस्त्रे फाडण्यात आली, त्यांस मार बसला, आणि तंटा १८५९ पर्यंत धुमसत राहिला. त्या वर्षीच्या जाहीरनाम्याने नाडर स्त्रियांस अंग झाकण्याची मोकळीक दिली, पण वरच्या जातींच्या बायकांप्रमाणे वस्त्र घेऊ नये, ही अट राहिलीच! कोणी म्हणेल, ह्यावरून अंग झाकणे हेच श्रेष्ठ ठरते. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या अंगावर काय असावे हे दुसऱ्याने ठरवू नये, यासाठी त्या बाया झगडल्या.

याची दुसरी बाजू अलीकडे युरोपात दिसली. २०२१ च्या एप्रिलात स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत जर्मनीच्या सारा फॉस हिने घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घातला, आणि त्याच वर्षी टोकियोच्या ऑलिंपिकात तिच्या साऱ्या संघाने तो घातला. नियमात तो बसतच होता. रूढीमुळे फारसे कोणी घालीत नसे. त्याच साली नॉर्वेच्या स्त्रियांस वाळूवरील हँडबॉलच्या सामन्यात तोकड्या चड्डीऐवजी आखूड विजार घातली म्हणून १,५०० युरो दंड झाला. त्यावर इतका गवगवा झाला की नियमच बदलावा लागला. तेव्हा मुलीचे अंग झाकले जावे म्हणून हट्ट धरणारे, आणि उघडे राहावे म्हणून हट्ट धरणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक जगात आहेत, व दोघेही तिला विचारावयास विसरतात.

म्हणून हा वाद उपदेशकाच्या ओसरीवर आला, तर त्याने प्रथम मुलीस बोलते करावे असे आम्ही सुचवितो. दहा वर्षांच्या मुलीस संकोच कशाचा वाटतो हे ती सांगू शकते. एखादीस उघड्या मांड्यांची लाज वाटेल. तिने घोट्यापर्यंत तंग विजार घालावी, कसरतीत त्याने काही बिघडत नाही. दुसरीस लाज वाटत नसेल, तर ती आपण तिला शिकवू नये. आधार देताना शिक्षकाचा हात कोठे येणार हे त्याने आधी सांगावे, आणि तिने नको म्हटल्यास थांबावे; पोशाखाच्या लांबीपेक्षा ह्याची चौकशी आईबापांनी अधिक केली पाहिजे. बाहेरच्या कोणी मुलींची छायाचित्रे घेऊ नयेत, हेही वर्गास स्पष्ट विचारून ठेवावे. मुलीचे सर्वच म्हणणे मान्य करावे असे मात्र आम्ही म्हणत नाही. स्नेहसंमेलनात पाहिलेला चकाकत्या टिकल्यांचा झगा तिने मागितला, तर सरावास तो टोचतो, महागही पडतो, आणि तिच्या शेजारी उभ्या राहिलेल्या मजुराच्या मुलीस तो परवडत नाही म्हणून ती वर्गच सोडते.

होजिअरीच्या कापडाची काळी विजार व वर अंगासरसा सदरा, पुढे-मागे बटण नाही, केस घट्ट वेणीत, एवढे पुरते. नवा पोशाख आणला की वर्गाआधी घरी एकदा घालून मुलीस वाकू द्यावे, हात वर करू द्यावे, अंथरुणावर एक कोलांटी घेऊ द्यावी. कापड वर सरकले, काचले, किंवा ती स्वतःच ते सारखे ओढून नीट करू लागली, तर बदलून आणावे.