खिडकीपुढची मोकळी जागा

घरातली हवा सुधारायची म्हटली की सगळे सल्ले घरात राहणाऱ्यालाच, त्यातही बहुधा घरातल्या बाईलाच दिले जातात. उदबत्ती कमी लावा, खोलीत झाडं ठेवा, पडदे धुवा, एअर प्युरिफायर घ्या. हवा बिघडते ती माणसांच्या सवयींमुळे, हे या सल्ल्यांमागचं गृहीत आहे आणि ते अर्धंच खरं आहे. घराची हवा कशी असणार हे बरंचसं ते घर कागदावर असतानाच ठरून जातं. त्या कागदाकडे आपण पुन्हा पाहायला हवं.

मुंबईने ते एकदा पाहिलं होतं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि शहर हादरलं. त्या धसक्यातून दोन वर्षांनी, दाट वस्त्या सुधारण्यासाठी, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान दिलं. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. सर्वांत खालच्या खोलीपासून त्या कोनात वर रेषा काढली तर ती समोरच्या इमारतीला अडता कामा नये. सोप्या हिशेबात सांगायचं तर इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी जागा पुढे मोकळी हवी. ट्रस्टचा कारभार गरिबांच्या बाजूचा नव्हता. त्याने खोल्या पाडल्या जास्त, बांधल्या कमी. शिवाय प्लेग पसरतो उंदरांवरच्या पिसवांमुळे, कोंदट हवेमुळे नव्हे. पण उजेड आणि हवा यांचं माप कायद्यात असलं पाहिजे ही समज पक्की होती, आणि क्षयरोगाच्या बाबतीत तर ती पूर्ण बरोबर होती.

आता गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींकडे यावं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत इमारतींमधलं अंतर तीन मीटरपर्यंत खाली आणायची सवलत दिली गेली. सात मजली इमारत साधारण सत्तर फूट उंच धरली तर ऑर यांच्या हिशेबाने तिच्यापुढे पस्तीस फूट मोकळे हवेत. इथे मिळाले दहा. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली की समोर भिंत, खाली कचरा आणि सांडपाणी, म्हणून ती बंदच राहते. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या मदतीने इथल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. लल्लुभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दाटीच्या वसाहतींत सुमारे आठ ते दहा टक्के कुटुंबांत क्षयाचा रुग्ण आढळला. इमारतींमध्ये जास्त अंतर असलेल्या तिसऱ्या वसाहतीत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होतं.

या घरातल्या बाईला कोणता सल्ला द्यायचा? खिडकी उघडा, हा?

क्षयाचे जंतू हवेत तरंगत राहतात. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते यावर शेजारच्या माणसाला लागण होण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पेरूतल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांत हे मोजलं गेलं आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. दारं-खिडक्या सताड उघडल्या की हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत हा आकडा १२ होता. सगळ्यांत उत्तम निघाले ते १९५० पूर्वी बांधलेले उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे जुने वॉर्ड.

म्हणून जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. वाड्यांच्या आठवणी काढताना आपण चौक आणि झोपाळा आठवतो, स्वयंपाकघर विसरतो. ते बहुधा मागे, अंधारं, आढ्यापर्यंत काजळलेलं असे. छपरातल्या धुराड्यातून बाहेर पडेल तेवढा धूर पडे, उरलेला चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीत जाई. बिडीला कधी हात न लावलेल्या म्हातारीला दम्यासारखी धाप लागायची, ती याचीच. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातला धूर मोजून १९८३ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे प्रदूषण म्हणजे गिरणीची चिमणी या समजाला धक्का बसला. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि शेगडी घरोघर पोचली, ही मोठी गोष्ट आहे. पण सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. तिथे हवेचा प्रश्न रोखीचा होतो.

घरात राहणाऱ्याच्या हातात काहीच नाही, असंही नाही. फक्त क्रम उलटा लागला आहे. आधी धूर निघतो ती गोष्ट बंद करावी, मग हवेला वाट द्यावी, आणि यंत्राचा विचार सर्वांत शेवटी करावा. मच्छर अगरबत्तीचंच घ्या. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापातून दिसलं. दार लावून, तान्ह्या मुलाच्या उशाशी आपण ती रात्रभर जाळतो. मच्छरदाणी बांधली तर हा धूर मुळातच निघत नाही. गॅसवरही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, फोडणीचा खकाणा उडतो. एक्झॉस्ट फॅनने तो बाहेर जातो. पाइप बाहेर न काढलेली चिमणी मात्र तेलकट धूर थोडा गाळते आणि वायू घरातच सोडते. प्युरिफायरची हेपा जाळी कण पकडते, पण कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. आणि कुंड्या? त्यांची कीर्ती १९८९ मध्ये नासाने बंद पेटीत केलेल्या प्रयोगांवर उभी आहे. खऱ्या घरात नुसती खिडकी उघडल्याने जे होतं ते साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं २०१९ च्या एका आढाव्यात म्हटलं आहे. झाडं जरूर लावावीत, डोळ्यांना बरं वाटतं म्हणून.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बाहेरची हवाच खराब, समोर बांधकामाची धूळ, मग खिडकी उघडायची कशाला? हिवाळ्यात पहाटे हवेचे थर जमिनीलगत अडकतात, धूर वर जात नाही. त्या वेळी रस्त्याकडची खिडकी बंद ठेवावी आणि दुपारी उघडावी. धुळीच्या दिवसांत प्युरिफायरही उपयोगी पडतो. पण बाहेरच्या हवेसाठी निदान २००९ ची राष्ट्रीय मानकं आहेत, त्यांच्यावरून जाब तरी विचारता येतो. घरातल्या हवेचा जाब विचारण्याची जागा एकच, घर बांधलं जातं ती वेळ.

ती वेळ आज मुंबई-पुण्याच्या हजारो सोसायट्यांच्या दारात उभी आहे. पुनर्विकासाच्या सभांमध्ये कार्पेट एरिया, कॉर्पस, भाडं आणि पार्किंग यांवर रात्री उशिरापर्यंत वाद होतात. त्याच सभेत आर्किटेक्टकडून नकाशा मागून घ्यावा. स्वयंपाकघराची खिडकी आकाशाकडे उघडते की डक्टमध्ये, दोन इमारतींत किती फूट अंतर सोडलं आहे, पहिल्या मजल्याच्या खोलीत डिसेंबरात ऊन येईल का, हे विचारावं. उत्तरं करारनाम्यात लिहून घ्यावीत. आणि ज्यांना असा करारच मिळत नाही, ज्यांच्या हाती नुसती खोलीची किल्ली ठेवली जाते, त्यांच्या वतीने तीन मीटरची ती सवलत नियमातून काढायला लावणं हे उरलेल्या शहराचं काम आहे.