कोरी पाटी कितपत कोरी?

नवी वस्तू म्हणजे कोरी वस्तू, अशी आपली एक भाबडी समजूत असते. नव्या वहीत कुणी रेघ ओढलेली नसते, नव्या माठातले पाणी कुणी प्यालेले नसते. लॅपटॉप मात्र या नियमाला अपवाद आहे. तो खोक्यातून बाहेर येतो तेव्हाच त्यात पुष्कळ काही भरलेले असते. विंडोज तर असतेच. शिवाय काही दिवसांनी पैसे मागू लागणारा अँटीव्हायरस असतो, न मागितलेले खेळ असतात, कुणाकुणाच्या दुकानांची चिन्हे असतात. हा काही दानधर्म नव्हे. सॉफ्टवेअरवाले या जागेसाठी लॅपटॉप बनवणाऱ्यांना पैसे मोजतात. म्हणजे वस्तू आपण विकत घेतो, पण तिच्यातली जागा आधीच दुसऱ्या कुणाला विकलेली असते.

बारावीच्या मंडळ परीक्षेत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला मध्य प्रदेश शासन लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देते. आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या अनेक घरांत पहिला संगणक याच वाटेने येतो. चार-सहा महिन्यांत तो रेंगाळू लागतो, आणि मग मुलगा किंवा मुलगी जाहीर करते, "सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकते." घरातली वडील माणसे धास्तावतात. या छोट्याशा प्रसंगात तीन जुने प्रश्न दडलेले आहेत. आधीचे भरलेले पुसण्याचा अधिकार कुणाला? काय पुसावे आणि काय राखावे? आणि पुसल्यावर पाटी खरोखर कोरी होते का? हे प्रश्न लॅपटॉपइतकेच माणसाच्या मनालाही लागू आहेत. कारण आपणही शहाणे होण्याआधीच भरले गेलेले असतो. भाषा, देव, जात, लाज आणि भीती ही सर्व आपण निवडण्यापूर्वीच आत आलेली असतात.

सफाईचे मार्ग तीन आहेत. पहिला, नको ते एकेक करून काढणे. दुसरा, यंत्र कारखान्यातून आले त्या स्थितीला नेणे. तिसरा, पेन ड्राइव्हवर विंडोजची स्वच्छ प्रत घेऊन, डिस्कचे सारे भाग पुसून, नव्याने मांडणी करणे. यांतला दुसरा मार्ग सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा. ज्या राखीव भागातून यंत्र पूर्वस्थितीला जाते, तो भाग कंपनीनेच भरलेला असतो. त्यामुळे ज्या कचऱ्यापासून सुटायचे तोच पुष्कळदा परत येतो. 'मूळ स्थिती' आणि 'शुद्ध स्थिती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समाजाला पूर्वीच्या सुवर्णकाळाकडे नेऊ म्हणणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा. पूर्वीही कुणीतरी कुणाच्या तरी लाभासाठी बरेच काही भरून ठेवलेले होतेच.

तिसऱ्या मार्गाचा थोर पुरस्कर्ता म्हणजे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त. १६४१ साली प्रसिद्ध झालेल्या 'मेडिटेशन्स'मध्ये त्याने म्हटले, की आयुष्यात एकदा तरी आपल्या साऱ्या समजुती पाडून पायापासून उभारणी केली पाहिजे. एका आक्षेपाला उत्तर देताना त्याने सफरचंदांच्या टोपलीचा दाखला दिला. काही फळे सडली असतील तर सगळी टोपली ओतावी, एकेक फळ पारखावे आणि चांगले तेवढेच परत भरावे. लोक टोपली ओतण्याचे धैर्य लक्षात ठेवतात आणि पारखून परत भरण्याचे कष्ट विसरतात. लॅपटॉप पुसणाऱ्याने आधी फोटो, कागदपत्रे, पासवर्ड दुसरीकडे उतरवून घ्यायचे असतात. आजीचा शेवटचा फोटो डिस्कबरोबर गेला, तर त्या स्वच्छतेला अर्थ काय? आणि तो फोटो पुसणाऱ्या एकट्याचा नसतो, साऱ्या घराचा असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. दुसऱ्याने आपल्या फायद्यासाठी आपल्यात भरलेले पुसण्याचा अधिकार आपला पूर्ण आहे. मात्र जे आपल्यापाशी साऱ्यांच्या वतीने ठेव म्हणून आहे, त्याची वाट लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता पाटी खरोखर कोरी होते का ते पाहू. २०१४ साली लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचे जाहिरातींचे सॉफ्टवेअर आधीच भरलेले होते. ते सुरक्षित संकेतस्थळांच्या व्यवहारातही मध्ये शिरत असे. २०१५ साली त्यावर गदारोळ झाला. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघडकीस आली. या कंपनीच्या काही यंत्रांत मदरबोर्डवरच्या चिपमध्ये अशी सोय होती, की डिस्क संपूर्ण पुसून विंडोजची स्वच्छ प्रत टाकली तरी कंपनीची फाइल पुन्हा हजर होई. टीका झाल्यावर कंपनीने ती बंद करण्याचा उपाय दिला. पण धडा उरलाच. डिस्कच्या खालीही एक थर असतो. आपल्याकडे वासना आणि संस्कार हे शब्द याच थरासाठी योजले गेले. जात मानत नाही असे मनापासून म्हणणाऱ्या गृहस्थालाही मुलीच्या लग्नाच्या वेळी हा थर भेटतो.

उलट, काही गोष्टी पुसल्या गेल्या तर यंत्र मुके होते. नवे विंडोज टाकल्यावर पडदा उजळतो, पण कधी आवाज येत नाही, कधी वाय-फाय लागत नाही. कारण त्या यंत्राच्या विशिष्ट अवयवांना ओळखणारा ड्रायव्हर गेलेला असतो. म्हणून जाणकार मंडळी ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवतात. मला वाटते, घरची बोली हा असा ड्रायव्हर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. कारभाराची प्रणाली बदलली. पण घराघरांतली मराठी आणि पोवारी त्या तारखेला पुसली गेली नाही. ती आता पुसली जात आहे, आणि कुणाच्या हुकमाने नव्हे. नोकरीला उपयोग नाही म्हणून मुले ती स्वतःच काढून टाकत आहेत. मग आजीशी बोलताना पडदा उजळतो, आवाज मात्र येत नाही.

येथवर उपमा चालली. पुढे ती अडते. चालू असलेले विंडोज ज्या डिस्कवरून चालते, ती डिस्क ते स्वतः पुसू शकत नाही. बाहेरचा पेन ड्राइव्ह लागतो. माणसाची पंचाईत हीच आहे. जे मन तपासायचे त्याच मनाने तपासायचे असते. ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ ओटो नॉयराथ म्हणत असे, की आपण भर समुद्रात नाव दुरुस्त करणारे खलाशी आहोत. तिला गोदीत नेऊन उलगडता येत नाही. एक फळी बदलायची तर दुसऱ्या फळीवर उभे राहावे लागते.

आणि येथेच आम्हा सीमेवरच्या माणसांचे भाग्य आहे. आम्हाला उभे राहायला दुसरी फळी घरातच मिळते. मराठीत उभे राहून हिंदीकडे पाहिले, की 'हम' या शब्दात समोरचा धरला आहे की वगळला आहे हे कळत नाही, असे जाणवते. आपल्याकडे 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. हिंदीत उभे राहून मराठीकडे पाहिले, की आणखी काही दिसते. आईला 'ए आई, तू' आणि वडिलांना 'अहो बाबा, तुम्ही', हे आपल्या घरांत इतके सहज होते की त्यात काही भरलेले आहे हे कधी दिसलेच नाही. शेजारच्या हिंदी घरातले मूल आईवडील दोघांनाही 'आप' म्हणते, तेव्हा प्रश्न पडतो की आपल्या त्या 'तू'मध्ये माया किती आणि पायरी किती? उत्तर ज्याने त्याने शोधावे. पण हा प्रश्न मराठीतल्या मराठीत बसून सुचला नसता.

म्हणून मुलांना माझे सांगणे एवढेच, की लॅपटॉप खुशाल पुसा. तो तुमचा आहे. आधी घरातल्यांना विचारा, ठेव बाजूला काढा, ड्रायव्हर जपा. मनाच्या बाबतीत मात्र एका झटक्यात कोरे होण्याच्या नादी लागू नका. एकेक फळी तपासा, सडलेली निर्दयपणे काढा. आणि दोन भाषा मिळाल्या आहेत, त्यांतली एकही टाकू नका. एक टाकलीत, तर दुसरी तपासायला उभे कुठे राहाल?