बाल-गुप्तहेरांचे चातुर्य

मुलांच्या हाती गुप्तहेरकथा द्याव्यात की नाही, याविषयी सुशिक्षित घरांतही दोन पक्ष आढळतात. अशा कथांनी बुद्धी तल्लख होते, असे एक पक्ष म्हणतो. लहान वयातच दुसऱ्याकडे संशयाने पाहण्याची खोड जडते, अशी धास्ती दुसऱ्यास वाटते. कथेतील शोधक स्वतःच मूल असेल, तर ही धास्ती अधिक वाढते. कारण वाचणाऱ्या मुलास त्याचे अनुकरण अवघड वाटत नाही.

ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. डोनाल्ड सोबोल यांनी १९६३ मध्ये निर्माण केलेला दहा वर्षांचा एन्सायक्लोपीडिया ब्राउन पोलीसप्रमुख असलेल्या बापाची कोडी जेवता जेवता सोडवितो. लबाडाच्या बोलण्यातील विसंगती हेरली, की कथा संपते. ती लबाडी का घडली, हे विचारण्याचे कारण सहसा पडत नाही. हे चातुर्य गणितातल्या चातुर्यासारखे निरुपद्रवी खरे. पण त्यास शील म्हणता येणार नाही.

एरिख केस्टनर यांच्या १९२९ च्या जर्मन कादंबरीतील एमिल याहून निराळा आहे. बर्लिनला निघालेला हा मुलगा आगगाडीत झोपी जातो आणि त्याचे १४० मार्क चोरीस जातात. ते पैसे लोकांच्या केसांची निगा राखून त्याच्या आईने कमावलेले. शिवाय गावातील पुतळा आपण खडूने रंगविला, या भयाने त्यास पोलिसांकडेही जाववत नाही. दोषी आणि निर्दोष यांमधील भिंत फार जाड नसते, हे येथे बालवाचकास उपदेशावाचून उमगते. पुढे नोटा खिशात टाचून ठेवल्याने पडलेली टाचणीची छिद्रेच त्याचा पुरावा ठरतात. मुलाच्या शब्दास मोठ्यांच्या जगात वजन नसते, म्हणून त्यास पुराव्याची गरज अधिक!

याच कथेत सारी मुले पाठलागात रमली असता, धाकट्या दीन्स्टागला टेलिफोनपाशी बसून राहावे लागते. मन तिकडे धावत असूनही तो जागा सोडीत नाही. आणि अखेरीस एमिलची आजी त्याचीच विशेष वाखाणणी करते.

दुसऱ्याचे गुपित हुडकणे आणि ज्याचे त्यास परत मिळवून देणे, यांत मोठे अंतर आहे. पहिल्यास कुतूहल पुरते. दुसऱ्यास सोबती, धीर आणि संयम लागतात. पालकांनी पुस्तक काढून घेण्याची घाई करू नये. चोर कसा सापडला, हे मूल आपण होऊन सांगेलच. शोधाअंती कोणाचे काय परत मिळाले, हे मात्र त्यास आवर्जून विचारावे.