आठवण राहते कुठे?

लंडनच्या सायन कंपनीने १९८४ साली ऑर्गनायझर नावाचा हातात धरायचा संगणक बाजारात आणला. त्यातली माहिती 'डेटापॅक' नावाच्या, काढता-घालता येणाऱ्या छोट्या पॅकमध्ये साठत असे. पॅकमध्ये ईप्रॉम जातीची चिप असे आणि या चिपचा स्वभाव मोठा हट्टी. विजेने तिच्यातल्या १ चा ० करता येतो, ० चा पुन्हा १ मात्र होत नाही. त्यासाठी पॅक बाहेर काढून अतिनील प्रकाशाखाली धरावा लागे आणि मग त्यातले सगळेच पुसले जाई. त्यामुळे एखादा पत्ता खोडला, की यंत्र त्या नोंदीवर रद्द झाल्याची खूण तेवढी करी. नोंद जागच्या जागीच राही; वाचताना यंत्र तिला वगळून पुढे जाई.

बारा वर्षांनी, १९९६ मध्ये, अमेरिकेत पामचा पायलट हा हातातला संगणक आला. त्याची गत नेमकी उलटी होती. पायलट १००० मध्ये १२८ किलोबाइट आणि पायलट ५००० मध्ये ५१२ किलोबाइट जागा होती, आणि मालकाची सगळी माहिती रॅममध्ये, म्हणजे विजेच्या आधारावर, उभी असे. दोन बारीक एएए सेलवर यंत्र चाले. सेल बदलताना हाताशी जेमतेम मिनिटभर असे. सेल पूर्ण उतरले, की पत्ते, भेटीच्या वेळा, टिपणे सगळे जाई. 'हॉटसिंक' करून घरच्या संगणकात प्रत ठेवली असेल, तर तेवढे परत मिळे.

एका यंत्राला विसरता येत नव्हते, दुसऱ्याला विसरायला वेळ लागत नव्हता. दोन्हींच्या बाबतीत 'मेमरी' हाच शब्द वापरला गेला. पण यांतले कोणते यंत्र खरोखर काही आठवत होते?

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाची फोड फार बारकाईने केली आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अनुभव संपला तरी त्याचा ठसा मागे उरतो. त्याला त्यांनी 'भावना' नावाचा संस्कार म्हटले. हा संस्कार म्हणजे स्मृती नव्हे. तो जागा व्हावा लागतो, आणि त्याला जागे करणाऱ्या कारणांची लांबलचक यादी न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आहे. एकाग्रता, अभ्यास, खूण, साम्य, वियोग, सुख, दुःख, भय, प्रेम अशी ती कारणे. ठसा उमटणे वेगळे, तो जागा होणे वेगळे, आणि 'हे मीच अनुभवले होते' अशी ओळख पटणे त्याहून वेगळे. नैयायिकांनी आत्म्याच्या बाजूने केलेल्या युक्तिवादाचा एक आधार इथेच आहे: एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही.

बौद्धांना हा निष्कर्ष मान्य नव्हता. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या शेवटच्या प्रकरणात हाच प्रश्न घेतला आहे. आत्मा नसेल तर आठवते कोणाला? त्याचे उत्तर असे, की चित्ताच्या एकाच प्रवाहात आधीचा क्षण पुढच्याला जन्म देतो. स्मरणाला तेवढे पुरे, त्यासाठी कायमचा मालक लागत नाही. तरीही एक गोष्ट तोही सोडत नाही. प्रवाह तोच हवा. देवदत्ताच्या चित्ताने पाहिलेले यज्ञदत्ताच्या चित्ताला आठवत नाही.

याच जागी तत्त्वज्ञ अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९८ साली 'द एक्स्टेंडेड माइंड' हा निबंध लिहून नवा पेच उभा केला. त्यांच्या उदाहरणातल्या ऑटोला अल्झायमर आहे. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमचा पत्ता तो सतत जवळ बाळगलेल्या वहीत पाहतो. त्याच उदाहरणातल्या इंगाला तोच पत्ता मनात आठवतो. वही कायम हाताशी असेल आणि तिच्यावर त्याचा सहज विश्वास असेल, तर ती ऑटोच्या मनाचाच भाग का मानू नये, असा त्यांचा सवाल आहे. वहीच्या जागी पायलट ठेवला तरी सवाल तोच राहतो.

याचा निवाडा सोप्या कसोटीने करता येतो. भरलेला पायलट दुसऱ्याच्या हाती द्यावा. त्याला प्रत्येक नाव, प्रत्येक तारीख वाचता येईल, पण त्यातले काहीही 'आठवणार' नाही. मालकाला मात्र एखादे नाव दिसताच एक चेहरा, एक भांडण, एक राहून गेलेली भेट आठवेल. यंत्रात राहतो तो ठसा आणि तो जागा करणारी खूण. स्मरण घडते ते ज्याने अनुभवले त्याच्याच ठायी. पुढे यंत्रांना मेमरी कार्डे आली आणि २००४ च्या टंगस्टन टी५ पासून पामच्या यंत्रांतली माहिती सेल उतरल्यावरही टिकू लागली. साठवण पक्की झाली, स्मरणाचे ठिकाण बदलले नाही.

पण क्लार्क आणि चाल्मर्स यांचे म्हणणे एका बाबतीत मानलेच पाहिजे. ज्याच्या मनातले ठसे विरत चालले आहेत, त्याच्यासाठी बाहेरची खूण हा उरलेला मोजका आधार असतो. घरात अशी आजी किंवा असे काका असतील, तर त्यांची जुनी डायरी, फोनमधली नावे, कागदावरची टिपणे त्यांना विचारल्याशिवाय आवरू नका, पुसू नका.